मोर्तबाखालची जागा

त्र्यंबकपंतांच्या घरून निघताना एक पथ्य पाळावं लागे. "येतो" म्हणून उठलात की उठलात. जोड्यात पाय घालता घालता "बरं का पंत, एक सांगायचं राहिलंच" असं म्हणायची सोय नव्हती. पंत लगेच हात वर करत. "ते आता नामंजूर. उठल्यावरचं बोलणं म्या ऐकत नसतो. सांगायचंच असंन तं मांगं या, बसा, आन् सुरवातीपासून सांगा." आणि खरोखर त्या माणसाला परत आत यावं लागे, पागोटं पुन्हा काढून ठेवावं लागे आणि "काय पंत, बरे हाये ना?" इथपासून आरंभ करावा लागे. आमच्या गल्लीतला एक सोनार मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आला होता. तासभर त्यानं पीकपाण्याच्या गोष्टी केल्या, आणि आमंत्रण त्याला दारात आठवलं. बिचारा तीनदा आत जाऊन बसला, कारण दर खेपेला तो पुन्हा पीकपाण्यावरच घसरे. चौथ्यांदा पंतांच्या पत्नी गोदाकाकू यांनीच स्वयंपाकघरातून विचारलं, "लग्न कधी हाये, भाऊ?" तेव्हा तो सुटला.

मी मूळचा पातूरचा. अमरावतीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि पंतांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. दिवस मोठे गमतीचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथली कपाशी विलायतेला जायची थांबली होती, आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडांची नावं परमुलखातले लोक घेऊ लागले होते. पेठेत गाड्यांची रांग लागे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या होत्या. सकाळी अंगण झाडलं तरी दुपारी पुन्हा कापसाचे पुंजके उडत येऊन तुळशीत अडकत. गावातला जो तो काहीतरी सुरू करायच्या घाईत होता. काही नीट संपवायची हौस असलेला माणूस सबंध गावात एकच होता, आणि मी त्याचा भाडेकरू होतो.

पंत उंच, सडसडीत, नाकेले. जानव्याला लोक किल्ली बांधतात, पंतांच्या जानव्याला सुपारीएवढा पितळी शिक्का होता. त्यावर मोडीत दोनच शब्द होते : मोर्तब सूद. त्यांच्या घराण्याकडे परगण्याच्या दप्तराची लेखणी सात पिढ्या होती. इंग्रज आले, दप्तर कचेरीत गेलं, मोठे शिक्के गेले. हा एवढा धाकटा शिक्का तेवढा पंतांजवळ राहिला. कागद लिहून झाला की शेवटच्या ओळीखाली तो उमटवायचा, म्हणजे त्याखाली कुणाला एक अक्षर वाढवता येऊ नये, एवढंच त्याचं काम. पण या एवढ्या कामाचा पंतांना जेवढा अभिमान होता, तेवढा मी गडकिल्ले राखणाऱ्यांच्या वंशजांतही पाहिला नाही.

पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून गेलं, "पंत, मोर्तब म्हणजे शेवटच ना?"

"कोन म्हणते शेवट?" पंत दुखावले. "शेवट तं बकऱ्याचाही होते. मास्तर, तुमी पोरं शिकवता आन् असं बोलता? एलिचपूरच्या मुनशीपाशी म्या चार साल फारसी घोकली हाये. मुरत्तब म्हणजे नीट लावलेलं. जिथलं तिथं बसवलेलं. शुद म्हणजे झालं. दरबारातले मुनशी मुरत्तब शुद म्हणत, आपल्या लोकाईनं घोळवून घोळवून त्याचं मोर्तब सूद केलं. तं मोर्तब म्हणजे संपलं नाई. मोर्तब म्हणजे नीट लागून पुरं झालं. जे नीट लागलं नाई, त्यावर मोर्तब बसतच नसते."

हा अर्थ ते नुसता सांगत नसत, दिवसभर वापरत. जेवण झालं की पाटाशेजारी अंगठा टेकवून "मोर्तब" म्हणत, मग काकूंनी प्रत्यक्ष श्रीखंड आणलं तरी पंत ढिम्म. न्हावी एकदा मोर्तब झाल्यावर कानामागे राहिलेला केस काढायला वळला, तर पंतांनी त्याला पुढच्या खेपेपर्यंत थांबवलं, आणि तो एक केस पंधरा दिवस मिरवला. विहिरीवरच्या बायका भांडण घेऊन येत. पंत दोघींचं सारं ऐकत, घागर कुणी आधी ठेवली ते ठरवत, आणि मोर्तब म्हणत. त्यानंतर त्या घागरीचं नाव काढणारीला आमच्या ओट्यावर बसायची बंदी असे. एका कीर्तनकारांना आरतीनंतर "अजून एक दृष्टांत आठवला" म्हणायची सवय होती. ते अमरावतीला पुन्हा आले नाहीत, यामागे पंत आहेत असं लोक म्हणत.

माझी आणि त्यांची खरी जुंपली ती पूर्णविरामावरून. शाळेत नवी छापील पुस्तकं आली होती. मी मोठ्या उत्साहानं त्यांना दाखवलं की वाक्य संपलं की असा ठिपका देतात. पंतांनी पुस्तक उजेडाला धरलं, बोटानं तो ठिपका पुसून पाहिला.

"हा?" ते म्हणाले. "मास्तर, माशी बसून उठली तरी याच्यापेक्षा ठळक निशाणी ठेवते."

पेठेत मात्र पंतांची थट्टा करायची कुणाची छाती नव्हती. कापसाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून ठरे, आणि मग करार लिहायला दोघं पंतांकडे येत. भातकुली, नांदगाव पेठ, कुठकुठले कुणबी पंतांचाच कागद मागत. लिहिता येत नव्हतं त्यांना, पण बोटानं चाचपून विचारत, "पंताचं मोर्तब बसलं ना जी?" एकदा एका बड्या व्यापाऱ्याच्या माणसानं पंतांना हळूच सुचवलं की शेवटच्या ओळीखाली चार बोटं कोरी सोडा, शिक्का खाली मारा. मध्ये मागाहून काय भरायचं होतं ते त्याचं तो जाणे. पंत "बरं" म्हणाले. चार बोटं जागा सोडली. आणि मग त्या जागेत अंगठ्यावर जोर देत एकाला एक लागून सात मोर्तबं उमटवली. ज्या शेतकऱ्याचा तो करार होता, तो कागद घेऊन उठला तेव्हा म्हणाला, "माह्या कागदाले सात दारं हाये, आन् सातीईले कुलपं." ही गोष्ट मी आजवर निदान शंभर लोकांना सांगितली असेल. त्या घरात मी राहत होतो, याचा मला पंतांइतकाच अभिमान वाटतो.

अजून एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जुने लांब कागद एका तावात मावत नसत. मग बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या पट्टीला पट्टी, खळीनं चिकटवून कागद वाढवत नेत, आणि प्रत्येक सांध्यावर पाठीमागून शिक्का मारत. शिक्का अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. म्हणजे मधला तुकडा कुणी बदलला तर शिक्का जुळणार नाही. पंतांच्या घरी एक कागद असा होता की तो उलगडला की ओट्यापासून विहिरीपर्यंत जाई. ही खळ गोदाकाकू करत. कणीक चाळून, पाण्यात मंद आचेवर शिजवून, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. काकूंना अक्षर येत नव्हतं. पण "सात पिढ्याईची लेखणी यांची, आन् चाळीस सालाची खळ माही," असं त्या म्हणत, आणि पंत त्यावर मान हलवत. पेठेतले करार चार-सहा ओळींचे. त्यांना सांधा लागत नसे, आणि काकूंचं खळीचं पातेलं फळीवर पालथं पडलं होतं.

आता केशवबद्दल सांगायला हवं. केशव हा पंतांचा एकुलता मुलगा. अक्षर बापाचंच, वळणदार. आठवा लेखणीवाला हाच, असं पंत त्याच्या मुंजीपासून बोलत आले होते. पण गडी इंग्रजी शिकला आणि अकोल्याच्या तारऑफिसात लागला. जाण्याआधी त्यानं बापाला तार समजावून सांगायचा प्रयत्न केला. मी ओट्यावर होतो, त्यामुळे सारं ऐकलं.

"मुंबईचा भाव घटकेत अकोल्यात, बाबा."

"शिक्का कुठी मारते?"

"तारेले शिक्का नसते. टिकटिक थांबली का संपलं."

"थांबली म्हणजे संपली कशावरून? तार तुटली असंन तं? पलीकडचा माणूस पाणी प्यायले उठला असंन तं?"

केशव तरुण होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या त्या शिक्क्याचं आता कोनाले काम हाये, बाबा?"

पंत उठून आत गेले. केशव बायकोला घेऊन अकोल्याला गेला, आणि आठ दिवसांनी पंतांनी त्याला पत्र लिहिलं. तीन ओळींचं. तुमचा मार्ग वेगळा, आमचा वेगळा, यापुढे आमचे घरी येणे नलगे. खाली शिक्का. पुढच्या दिवाळीला केशव दारात येऊन उभा राहिला. पंतांनी मान वर न करता म्हटलं, "मोर्तबाखाली जागा नसते." केशव काकूंच्या पाया पडला आणि मिठाईचा पुडा ओट्यावर ठेवून गेला. तो पुडा कुणी उघडला नाही. अडीच वर्षं त्या घरात केशवचं नाव निघालं नाही. काकू मात्र ताट वाढताना चुकून एक पाट जास्त मांडत आणि मग तो उचलून भिंतीशी ठेवत.

मला पंतांचा रागही येई. सगळ्या गावाच्या भांडणांना शेवट देणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात असं करून ठेवावं, हे मला पटत नव्हतं. पण एकदा पत्र गेलं आणि पंत आपल्याच शिक्क्याखाली अडकले. दुसऱ्या कुणाचं मोर्तब असतं तर त्यांनी काही वाट काढलीही असती. स्वतःचं मोडायचं म्हणजे सातही पिढ्यांचं मोडायचं, असं त्यांना वाटत असावं.

एका मंगळवारी दुपारी शिपाई तार घेऊन आला. मजकूर इंग्रजी. मला इंग्रजी जेमतेम येत होतं, पण तेवढं पुरलं. मी वाचलं, "दहा दिवसांमागे मुलगी झाली. दोघी खुशाल. गुरुवारी बारसं. दोघांनी यावं. केशव."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"पुढं?" पंत म्हणाले.

"पुढे काही नाही."

"कसं नाई? पाठीमागं पाहा."

मी पाठीमागे पाहिलं. कोरं होतं. पंतांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि माझ्याकडे परत दिला. "याले शेवट नाई. अपुरा कागद हाये. अपुऱ्या कागदावर म्या कधी पाऊल उचललं नाई." एवढं बोलून ते उठले आणि देवघरात जाऊन बसले. पण जाताना त्यांचा हात छातीशी, शिक्क्याकडे गेलेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होतो. पंत ओट्यावर लेखणी तासत होते. काकू आतून आल्या आणि त्यांनी पंतांसमोर एक पातेलं ठेवलं. त्यातून वाफ येत होती. कित्येक वर्षांनी शिजलेली खळ होती ती.

पंतांनी लेखणी खाली ठेवली. काकू पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मोर्तबाखाली लिहता येत नाई, मले समजते. बंद तं जोडता येते ना? चाळीस साल तेच तं पाहून राह्यली."

"कागद अकोल्याले हाये," पंत म्हणाले.

"मंग अकोल्याले जोडा."

बोचकं बांधून दारामागे ठेवलेलं होतं. मास्तरांनी बरोबर यायचं हेही ठरलेलं होतं, फक्त मास्तरांना सांगायचं राहिलं होतं. मी शाळेत चिठ्ठी पाठवली.

बडनेऱ्यापर्यंत बैलगाडी, तिथून नवी रेल्वे. पंत पहिल्यांदाच रेल्वेत बसत होते. खळ तांब्यात भरून, तोंडाला ओलं फडकं बांधून, त्यांनी मांडीवर धरली होती. समोर बसलेल्या एका कापूसवाल्यानं वास घेऊन विचारलं, "खीर हाये का, पंत?"

"खळ हाये. मोरचूद टाकलेली. चाखता का?"

तो माणूस मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला. गाडी सुटताना होणारी शिट्टी मात्र पंतांना पसंत पडली. थांबायचं तर थांबावं आणि निघायचं तर सांगून निघावं, हे शहाण्याचं लक्षण आहे असं ते म्हणाले. मग एकदम माझ्याकडे झुकले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"मास्तर, पत्र फाडून टाकलं असंन तं?"

ज्यात घरी येऊ नको असं लिहिलंय, ते पत्र कोण सांभाळून ठेवतं? काकूंनी ऐकलं होतं, पण त्या समोरच्या शेतातली कपाशी पाहत राहिल्या. ते पत्र नसेल तर बंद कशाला जोडायचा? आणि जोडायला काही नसेल तर पंत उंबऱ्यातूनच परत फिरतील, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

केशवचं घर अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला होतं. दार उघडंच होतं. तो बाहेर आला आणि आम्हाला पाहून जागच्या जागी उभा राहिला. काकू त्याच्या गालावरून हात फिरवून, कुणाची वाट न पाहता, सरळ आत बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. पंत उंबऱ्याबाहेर, हातात तांब्या.

"ते पत्र हाये का?" अडीच वर्षांनी बाप मुलाशी बोलला ते हे चार शब्द.

केशवचा चेहरा उतरला. त्याला वाटलं असावं की पुन्हा तेच काढायला आलेत. तो आत गेला. मला ते वाट पाहणं फार लांबलेलं वाटलं. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तसे पंत अर्धं पाऊल पुढे झाले, आणि पुन्हा मागे सरले.

केशव देव्हाऱ्यामागून एक रेशमी फडकं घेऊन आला. आत ते पत्र होतं. घडीवर घडी, कडा मऊ पडलेल्या. पुष्कळदा उघडून वाचलेल्या कागदाच्या पडतात तशा.

"ठेवलं काहून?" पंतांनी विचारलं.

"तुमच्या हातचं दुसरं काईच नव्हतं माह्यापाशी," केशव म्हणाला.

पंत उंबरा ओलांडून आत आले आणि खाली बसले. कमरेच्या शेल्यातून त्यांनी कोऱ्या कागदाचा एक बंद काढला. खळ प्रवासात आंबली होती, गाठी झाल्या होत्या. पंतांनी गाठी बोटानं चिरडल्या, पत्राच्या खालच्या कडेला खळ लावली, बंद बसवला. सांधा वाळेपर्यंत दाबून धरावा लागतो. एका बाजूला पंतांचा अंगठा, दुसऱ्या बाजूला केशवचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तो असाच बसत आला असणार. दोघं मान खाली घालून तसेच बसले, आणि खळ त्या दिवशी जरा उशिरानंच वाळली.

मग पंतांनी जानव्याचा शिक्का सोडून मुलाच्या हातात दिला. केशवनं बोळ्यानं शाई लावली आणि कागद उलटा करून सांध्यावर शिक्का मारला. अर्धा जुन्या पत्रावर, अर्धा नव्या बंदावर. पंतांनी डोळ्याजवळ धरून तपासलं.

"नीट बसला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी तारीफ.

गुरुवारी बारसं झालं. नाव ठेवलं वेणू. बायका पाळणा म्हणत असताना पंतांनी तो कागद मांडीवर घेतला, लेखणी बुडवली, आणि नव्या बंदावर पहिली ओळ लिहिली. चिरंजीव वेणू, आजोबांचा आशीर्वाद. त्यावर वाळू टाकली, फुंकली. केशव शिक्का आणि शाई घेऊन शेजारी तयारच होता. त्यानं शिक्का पुढे केला.

पंतांनी तो घेतला, धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसला, आणि केशवच्या जानव्याला बांधून दिला.

"आन् या ओळीखाली?" केशवनं विचारलं.

"राहू दे," पंत म्हणाले. "पोरगी वाचाले शिकंन, तिले जागा लागंन."

संध्याकाळी मी परत जायला निघालो. पंत आणि काकू महिनाभर राहणार होते. मी "येतो" म्हणून उठलो, जोड्यात पाय घातले, आणि पंत उंबऱ्यापर्यंत माझ्यामागे आले. "बरं का मास्तर," ते म्हणाले, "एक सांगायचं राह्यलंच." आणि मग दारात उभे राहून अर्धा तास ते नातीच्या नाकाबद्दल बोलत होते.